उजीच्या नावानं

"आप जा सकती हैं, ये नहीं जा सकती," शिपाई मला म्हणाला आणि हातातली काठी त्यानं उजीच्या पोटापुढं आडवी धरली.

उजी म्हणजे उज्ज्वला, माझी धाकटी जाऊ. नववा महिना लागलेला, पाय सुजलेले. अंगावर आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, नेसवलेली नवी हिरवी साडी आणि पदरात ओटीचा खण-नारळ. पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली होती. माहेरची माणसंही लांब नव्हती. तिची आई, इंदूकाकी, पुलाच्या त्या टोकाला बांबूच्या अडसरापलीकडं उभीच होती. तिनं ठरवून आणलेली जीप मागं थांबली होती. हाक मारली तर ओ यावी एवढंच अंतर.

"भाऊ, ही माझी जाऊ," मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत त्याला समजावलं. "हे माझं कार्ड बघा. आम्ही दोघी एकाच घरातल्या."

"इनका कार्ड?"

"तिचं नाही."

"तो फिर नहीं."

"आवो, पोट दिसतंय न्हवं समोर? का मी उशी बांधून आणलीया हिला?" मी मराठीतच भडकले.

त्याला शब्द कळले नाहीत, सूर कळला. तसा वाईट नव्हता बिचारा. उजीला बसायला त्यानं स्वतःचं स्टूल दिलं, बाटलीतलं पाणी दिलं. वाट तेवढी दिली नाही. नियम वरून आलाय, मी सोडलं तर माझ्या पोटावर पाय येईल, असं काहीसं म्हणाला.

"मालन, काय म्हनतोय गं त्यो?" पलीकडनं काकी ओरडली.

"कार्ड मागतोय, काकी."

"कसलं कार्ड? लेक हाय माझी. सांग त्येला."

मी सांगितलं. त्यानं मान हलवली. मग आम्ही टांगा वळवला आणि उजी पूल संपेपर्यंत मागं बघत राहिली.

आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. तिकडची निम्मी गावं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. सराफाकडचं जुनं सोनं-चांदी भट्टीत गाळायचं, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, टाकायचं आणि शुद्ध करून परत द्यायचं, हा गलाईचा धंदा. आमचे सासरे तर पांगता पांगता नेपाळात बीरगंजला जाऊन बसले. देश बदलला म्हणजे काय, तर एक पूल ओलांडला. पुलाच्या अलीकडं बीरगंज, पलीकडं रक्सौल. उजीच्या वडिलांचं दुकान रक्सौलच्या पुढं, मोतिहारीत. लेक दोन-तीन तासांच्या वाटेवर दिली म्हणून काकी लग्नात सगळ्यांना मिरवून सांगत होती.

आता कार्डाचं. आमच्याकडं लेकीचं लग्न झालं की माहेरच्या रेशनकार्डावरून तिचं नाव कमी करायचं आणि सासरच्या कार्डावर चढवायचं. उजीच्या वडिलांनी अक्षतांची हळद निघायच्या आत गावी जाऊन नाव कमी करून आणलं. लेक दिली की दिली, असल्या वळणाचा माणूस. चढवायचं काम आमच्या बाजूला होतं, आणि आमच्या बाजूला कसली घाई? जत्रेला गावी जाऊ तेव्हा बघू, असं चाललं होतं. आधारकार्ड तेव्हा आलं नव्हतं, आणि फोटोचं मतदानाचं कार्ड तिचं निघालंच नव्हतं. वय भरलं तशी बोहल्यावर उभी राहिली. त्यामुळं पोर माहेरच्या कागदावर नाही आणि सासरच्याही नाही, अशी मधल्यामध्ये राहिली होती. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. आम्ही भाजीला रक्सौलला जायचो, कापडाला रक्सौलला जायचो, पुलावर कुणी कधी नाव विचारलं नव्हतं.

सातव्यात डोहाळजेवण झालं तेव्हाच काकी न्यायला आली होती. पण जेवण लांबलं, पाहुणे लांबले, आणि तेवढ्यात आठवा लागला. आठव्यात बाईनं वेस ओलांडायची नाही, असं आत्याबाईंचं म्हणणं. काकीचंही तेच. दोघी विहिणींचं एरवी कशावर जमत नसे, यावर मात्र चटकन जमलं. नववा लागला की पाठवते, असं ठरलं. आणि त्याच महिन्यात सीमेवर कुठंतरी काहीतरी घडलं, कोण कुणाला सापडलं देव जाणे, आणि कार्डाशिवाय पुलावरून माणूस सोडायचं बंद झालं.

"हितंच करूया की बाळंतपण," त्या दिवशी टांग्यातून उतरल्या उतरल्या मी म्हणाले. "दवाखाने हितंबी हायत."

"आन् गावाकडं काय सांगू?" आत्याबाई म्हणाल्या. "पयल्या टायमाला लेकीला आईच्या दाराला जाऊ दिली न्हाई म्हून?"

"गाव काय हितं बघाय येतंय?"

"मालन, तुला ठावं न्हाई त्यातलं. गप बस."

मला मूल नव्हतं. असं काही निघालं की हे वाक्य ठरलेलं असायचं. 

पण प्रश्न गावाचा नव्हताच. आम्ही राहायचो दुकानाच्या माथ्यावरच्या खोल्यांत. खाली भट्टी. तेजाबात चांदी टाकली की पिवळा धूर उठायचा आणि जिन्यानं वर यायचा. आमची नाकं त्याला सरावली होती. उजीचीही सरावली असती, पण पोट वाढलं तसा तिला दम लागायला लागला. खिडकीच्या गजांना नाक लावून बसायची. खोकला आला की दोन्ही हातांनी पोट धरायची. दिनकर, माझा धाकटा दीर, तिचा नवरा, बायकोचं ते ऐकून भट्टी विझवायचा. सासरे पुन्हा पेटवायचे. सराफ दारात उभे असायचे, त्यांचं तरी काय चुकलं?

"आक्का," एका दुपारी ती मला म्हणाली, "हितं न्हाई हुनार माझं. मला आईकडं पोचीव. कसंबी पोचीव."

गावाकडं फोन झाले. ज्याचं नाव चढवायचं त्यानं स्वतः यायला पाहिजे, असं तिकडनं उत्तर आलं. स्वतः यायला कार्ड पाहिजे आणि कार्ड काढायला स्वतः यायला पाहिजे. दिनकरनं फोन भिंतीवर फेकायचा तेवढा बाकी ठेवला.

मग काकीचाच फोन आला. तिनं मलाच बोलावलं. "मालन, तुझं कार्ड दे की तिला."

"काय बोलताय, काकी?"

"फोटू जुना हाय तुझा. लगीन झाल्या झाल्या काढल्याला. तवा तूबी अशीच होतीस, काडीवानी. पदर घेतला की कोन वळखतंय? छठचा सण आलाय, गर्दी हाय. बायकांच्या तोंडाकडं कोन बघत न्हाई."

मी माझं मतदानाचं कार्ड काढून बघितलं. खरंच, त्या फोटोतली पोरगी माझ्यापेक्षा उजीसारखीच जास्त होती. विलासना, म्हणजे माझ्या नवऱ्याला विचारलं. ते म्हणाले, "पोरीला श्वास घेता येईना, त्यापरास बरं."

पाठांतर सुरू झालं. मी शिपाई झाले, पाटावर बसले, उजीला समोर उभी केली.

"नाव?"

"मालन."

"पुरं सांग."

"मालन... देवकर."

"मधलं कुठं गेलं? नवऱ्याचं नाव काय?"

इथं गाडं अडलं. आमच्यात बाई स्वतःच्या नवऱ्याचंही नाव घेत नाही, उखाण्यातनं घेतलं तेवढंच. आणि इथं तर थोरल्या दिराचं घ्यायचं होतं, ज्याच्यासमोर ती डोक्यावरचा पदर कधी ढळू देत नव्हती. तेही नवरा म्हणून.

"आक्का, जिभंवर येत न्हाई."

"घे गं. थोड्या दिसांसाठी उसना दिला तुला. तसाबी काय मोठा कामाचा न्हाई."

ती हसली आणि हसता हसता खोकायला लागली. जेवत बसलेले विलास ताट अर्धं ठेवून खाली निघून गेले. मग तिनं डोळे गच्च मिटले आणि एका दमात म्हणाली, "मालन विलास देवकर." म्हणाली आणि दोन्ही गालांवर हात मारून घेतले, देवापुढं चुकलं म्हणून मारतात तसे.

"आता ध्यानात ठेव," मी तिला बजावलं. "कुणी इच्यारलं, कुठंबी इच्यारलं, तरी हेच सांगायचं. एकदा मालन झालीस की परत घरला येईस्तवर मालन."

"आन् तू गं?"

"मी कुठं जातीया? माझं कार्ड राहू दे तुझ्यापाशी. लेकरू घेऊन येताना लागंल."

छठच्या दिवशी पुलावर सूर्याला अर्घ्य द्यायला निघालेल्या बायकाच बायका होत्या. डोक्यावर फळांच्या टोपल्या, नाकापर्यंत पदर. मी मुद्दाम टांग्यातच थांबले. दोघींची तोंडं शेजारी शेजारी दिसायला नकोत. उजी एकटी चालत गेली, एक हात कमरेवर, एका हातात कार्ड. रांगेत उभी राहिली. पहाऱ्यावर त्या दिवशी दुसरा शिपाई होता. पुढच्या बाईची टोपली कलंडली, लिंबं गडगडली, ती गोळा करण्यात शिपायाचंही लक्ष गेलं. उजीची पाळी आली. शिपायानं कार्ड घेतलं, काहीतरी विचारलं. तिचं तोंड मला दिसत नव्हतं, पाठ दिसत होती. पाठ ताठ झाली, आणि मी समजले की घेतलं बाईनं नाव. त्यानं अडसर उचलला.

काकीनं तिला कवेत घेतली. दोघींनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. हात मात्र कुणी केला नाही, कारण तसं ठरलं होतं. त्या रात्री घरात प्रथमच खोकला ऐकू आला नाही आणि आत्याबाईंनी गोडाचा शिरा केला.

पुढचं मला दुसऱ्यांच्याच तोंडून कळलं. कळा अवेळी सुरू झाल्या. मोतिहारीतल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथंही दारातच कार्ड मागितलं. काकी म्हणणार होती की हिचं नाव उज्ज्वला, पण त्याआधी उजीच बोलली. कळा देता देता म्हणाली, मालन विलास देवकर. नवऱ्याचं नाव विचारलं तर विलास. वय विचारलं तर माझं वय. मी पाठ करून घेतलं होतं तसं, न चुकता. मुलगी झाली. मग रक्त थांबेना. डॉक्टर धावपळ करत होते, त्यांनी कसूर केली असं कुणी म्हटलं नाही. पहाट होताना उजी गेली.

दिनकरच्या हातातला फोन खाली पडला तेव्हाच मला कळलं. सासरे, आत्याबाई, विलास, दिनकर, सगळे होते तसे निघाले. मीही निघाले. पायात चप्पल होती की नाही आठवत नाही. पुलाच्या टोकाला तोच पहिला शिपाई होता, उजीला स्टूल देणारा. त्यानं एकेकाचं कार्ड बघून चौघांना सोडलं आणि माझ्यापुढं हात केला.

"कार्ड?"

"नाही."

"उस दिन तो दिखाया था आपने."

काय सांगणार होते? "हरवलं," म्हणाले.

"तो पहले थाने में रपट लिखवाइए."

"माझी जाऊ मेलीय, भाऊ."

"कौन?"

उजी म्हणाले असते, तर उजी नावाची बाई त्या पुलावरून कधी गेलीच नव्हती. मालन म्हणाले असते, तर मालन त्याच्या समोर उभी होती. चौघं पलीकडं खोळंबले होते. विलासनी मला खुणेनं मागं फिरायला सांगितलं. मी पुलाच्या कठड्याशी बसून राहिले. खाली काळं पाणी, कडेला छठचे वाळलेले ऊस अजून उभे होते. दुपार झाली तेव्हा कुणीतरी टांगेवाल्यानं मला घरी आणून सोडलं.

संध्याकाळी एकटे विलास परतले. अंगावरून पाणी घेतलं आणि भिंतीला टेकून बसले.

"अग्नी दिनूनं दिला," म्हणाले. "पावती मात्र माझ्या सहीनं फाडली. मयताचा नवरा म्हणून."

मी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"दवाखान्यात पोलीस आला होता. बाळंतपणात बाई गेली की येतोच म्हणे. आम्ही सगळ्यांनी तेच नाव सांगितलं. दुसरं सांगितलं असतं तर दिनूला आत घातला असता, आणि पोरगी कुणाच्या हातात दिली असती कुणास ठाऊक. कार्ड मृत्यूच्या दाखल्याबरोबर जमा करून घेतलं त्यांनी." मग त्यांनी माझं मनगट धरलं, घट्ट, नाडी बघतात तिथं. "सकाळधरनं लोकं येऊन येऊन मला सांगतायत, तुमची मालन गेली. ऐकून ऐकून माझंबी डोकं फिरलं बघ."

तेव्हापासून मी मेलेली आहे. पलीकडच्या सगळ्या कागदांवर. नंतर कितीदा अर्ज केले, जिवंत असल्याचं सांगितलं, पण जिवंत म्हटलं की मेली कोण, हा प्रश्न येतो, आणि तिथं आम्ही सगळेच थांबतो. माझा बाप गावी वारला तेव्हाही मी याच काठावर होते.

पण मला सांगायचं आहे ते उजीचे दिवस घातल्यानंतरच्या सकाळचं. काकीनं निरोप धाडला होता, पुलावर ये म्हणून. मी अडसराच्या अलीकडं उभी राहिले, ती पलीकडं. हातात दुपट्यात गुंडाळलेली पोर. काकी निम्मी झाली होती. ज्या बाईचा आवाज पूल ओलांडून यायचा, ती ओठांतल्या ओठांत बोलत होती.

"ही बघ," तिनं दुपट्याचं टोक बाजूला केलं. पोर झोपली होती, मूठ तोंडाशी.

मी अडसरावरून हात पुढं केला. पहाऱ्यावर नवा शिपाई होता. तो काठी घेऊन पुढं आला आणि पोर कुणाची म्हणून त्यानं काकीला विचारलं.

"नातिन है," काकी म्हणाली.

"और माँ?"

"गुजर गयी."

"नाम?"

काकीनं माझ्याकडं बघितलं. "मालन," म्हणाली.

कागदावर ती माझी लेक आणि कागदावर मी मेलेली, अशी मी तिथं उभी होते, हात पुढं करून. शिपायानं काठीनंच तो हात हळू मागं सारला. मारला नाही, नुसता सारला.

"पोर माझ्यापाशीच ऱ्हानार," शिपाई लांब गेल्यावर काकी म्हणाली. "हिला घेऊन हितनं जायाचं तर आईचं कार्ड दाखवा म्हनत्यात."

"दिनूभावजी येत जातील, काकी. तेवढं तरी."

"येऊ द्या." तिनं पोरीचं दुपटं नीट केलं. मग म्हणाली, "मालन, मी तुला एका कामासाठी बोलीवलंय."

"सांगा."

"दवाखान्यात लोकं होती, पोलीस होता. मसनवाट्यात बी होता. सगळ्यांस्नी ठावं होतं, बाईचं नाव मालन. मला रडू आवरंना, आन् मी तुझ्या नावानं गळा काढला. माझी मालन गेली म्हून वरडली. चितंम्होरंबी तसंच. घरला आलो तर शेजारपाजारी बसल्याली, तिथंबी तेच. आज इतकं दीस झालं, पोटच्या पोरीला एकदाबी तिच्या नावानं हाक मारून रडले न्हाई मी." तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. "जीव मोकळा हुईना गं माझा. छाती फुटाय झालीया."

"काकी..."

"हिकडं मला येत न्हाई. तिकडं तुला कोन अडवनार हाय? तू रड. तिच्या नावानं रड. मोठ्यानं. मी हितं उभी ऱ्हाते."

पुलावर वर्दळ होती. टांगे, सायकली, चणे विकणारे. मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू. मी डोक्यावरचा पदर घट्ट केला, अडसराचा बांबू दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाले, "उजे." पहिल्यांदा हळू. मग पुन्हा. मग काय झालं मला माहीत नाही. उजे, माझी बाई गं, कुठं गेलीस गं उजे, उज्ज्वला, ये गं माघारी, असं जे पोटात इतके दिवस कोंडून राहिलं होतं ते सगळं बाहेर आलं. मी बांबूवर डोकं आपटत होते. माणसं थांबली. शिपाईसुद्धा काठी खाली करून बघत राहिला, कुणाच्या नावानं चाललंय ते त्याला कळायचं कारण नव्हतं.

काकी पलीकडं पदर दातांत धरून, पोरीला थोपटत, मान खाली घालून ऐकत होती. माझा घसा बसला आणि मी थांबले, तशी तिनं मान वर केली.

"आनिक एकदा म्हन," ती म्हणाली.